टॅलेंट कमी नसतं, मैदान कमी पडतं

‘उन्हातल्या राज्यांतल्या पोरी मुळातच भारी!’ अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलचा विषय निघाला की असं सहज बोललं जातं. आणि रेकॉर्ड बघितलं तर ते पटतंही. तिथल्या मुलींच्या कॉलेज सॉफ्टबॉलची ‘एनसीएए’ राष्ट्रीय स्पर्धा १९८२मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २००४पर्यंतची सगळी विजेतेपदं कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सास आणि ओक्लाहोमा या चारच राज्यांत गेली.

गंमत म्हणजे, हा खेळ जन्मला १८८७मध्ये, थंडीनं गारठणाऱ्या शिकागोत. तोही चार भिंतींच्या आत! मग उत्तरेकडच्या पोरी मागे का पडल्या? माझं म्हणणं सरळ आहे : फरक टॅलेंटचा नाही, मैदानावर मिळालेल्या दिवसांचा आहे.

कॅलिफोर्नियातली बारा वर्षांची मुलगी जवळपास वर्षभर बाहेर खेळते. मिशिगन, मिनेसोटात बर्फ पडला की सराव हॉलमध्ये जातो. पिचरचं एक वेळ भागतं, कारण त्रेचाळीस फुटांचं अंतर हॉलमध्ये मावतं. पण उंच उडालेला कॅच वाऱ्यात जोखणं, मातीवर उसळलेला चेंडू अडवणं, हे छपराखाली कसं शिकणार?

त्यात पैशाची भर. तिथं ‘ट्रॅव्हल सॉफ्टबॉल’ म्हणजे शाळेबाहेरचे क्लब. गावोगावी फिरून स्पर्धा खेळायच्या आणि कॉलेजचे कोच खेळाडू हेरतात ते बरेचदा तिथंच. फी, प्रवास, हॉटेल, सगळं आईबाबांच्या खिशातून. म्हणजे बर्फातल्या मुलीला उन्हातल्या स्पर्धेला जायचं तर आधी घरचं बजेट बघावं लागतं. ज्यांना ते झेपत नाही, त्यांचा खेळ कुणी बघतच नाही.

तरीही २००५मध्ये मिशिगननं अंतिम फेरीत यूसीएलएला हरवलं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा तो पहिला विजेता संघ. पुढे अलाबामा आणि फ्लोरिडातले संघही जिंकले. पोरी एका रात्रीत हुशार झाल्या का? नाही. खेळ पसरला, संधी पसरली.

आता आपल्याकडे बघा. शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत सॉफ्टबॉल आपणही खेळतो. पावसाळ्यात कुणाच्या मैदानाचा चिखल होतो, तर कुणाला मैदानच नसतं. कुणी रोज सराव करून निवड चाचणीला येतं, कुणी पहाटेची एसटी पकडून, उसना ग्लोव्ह घेऊन. आणि आपण दोघींना एकाच फूटपट्टीनं मोजून म्हणतो, ‘तिकडच्या पोरींत दम नाही.’

निवड करणाऱ्यांनी ‘कशी खेळते’ एवढंच बघू नये. ‘आजवर किती खेळायला मिळालं’ हेही विचारावं. कमी दिवसांत जी एवढं शिकली, ती पुरेसं मैदान मिळाल्यावर कुठवर जाईल? टीम निवडताना हा हिशेब व्हायलाच हवा. आणि कट्ट्यावर बसून ‘अमुक भागातले असेच’ म्हणताना आपणही तो करायला काय हरकत आहे?