ओल्या भिंतीचा निकाल

पूर ओसरला की वेदगंगा-दूधगंगेच्या काठी दोन घाया एकदमच सुरू होतात. घरमालकाला दिवाळीच्या आत गिलावा आणि रंग उरकायचा असतो; पाहणीला आलेल्यांना नुकसानीचा आकडा वर पाठवायचा असतो. पाणी गेलं म्हणजे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, असं दोघंही धरून चालतात. ते खरं नाही. जत्राट, भिवशी, भोज, कारदगा या पट्ट्यातली जुनी घरं दगडी जोत्यावर, भेंड्यांच्या किंवा मातीत रचलेल्या दगडांच्या भिंतींची. पाणी चढलेलं असताना भिंतीला दोन्ही अंगांनी त्याचा दाब असतो. तो उतरला की फुगलेली, जड झालेली माती स्वतःच्या वजनानं खचू लागते. खालची काळी जमीन भिजून फुगलेली असते, ती हिवाळ्यात आकसते, आणि ऑगस्टमध्ये सरळ दिसलेल्या भिंतीला जानेवारीत कोपऱ्यापासून चीर जाते. म्हणजे ज्या दिवशी पंचनामा होतो त्या दिवशी भिंतीनं आपलं म्हणणं पुरतं मांडलेलंच नसतं.

ऑगस्ट 2019 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. 2019 च्या पुरानंतर कर्नाटक सरकारनं पडझडीची प्रतवारी केली. ‘ए’ म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक नुकसान, त्याला पाच लाख, ‘बी’ला दुरुस्तीसाठी, पुढे वाढवून, तीन लाख, ‘सी’ला पन्नास हजार. रक्कम कमी होती असं मी म्हणणार नाही. मदत मोठीच होती. आक्षेप आहे तो मोजणीच्या वेळेवर. ‘सी’ आणि ‘ए’ यांत साडेचार लाखांचं अंतर, आणि ते ठरणार ओली भिंत डोळ्यांनी पाहून! बरं, हीच सोय लबाडीलाही पुरते: उभी भिंत पाडून वरचा वर्ग मिळवता येतो आणि धोक्याची भिंत ‘उभी आहे’ म्हणून खालच्या वर्गात जाते.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते असं की लोक थांबणार कुठे? रास्त आहे. पण 2019 मध्ये घर गमावलेल्यांना महिन्याला पाच हजार रुपये घरभाडं, दहा महिन्यांपर्यंत, जाहीर झालंच होतं. ‘बी’ आणि ‘सी’च्या घरांनाही भिंती वाळेपर्यंत असं भाडं दिलं, तर घाईचं मूळ कारणच उरत नाही. दुसरं उत्तर अधिक लोकप्रिय आहे: मातीचं घर पाडा, सिमेंटचं बांधा, वाद मिटला. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाचा दाखलाही मग येतोच. तिथे धाब्याचं जड छप्पर आणि एकमेकांत न गुंतवलेल्या दगडांच्या जाड भिंती यांनी घात केला. केवळ मातीला दोष देऊन तो उलगडत नाही. अर्थात, दिवसचे दिवस पाण्यात बुडणारी कच्च्या भेंड्याची भिंत मीही राखा म्हणणार नाही. खिडकीच्या तळापर्यंत पक्कं दगडी किंवा भाजक्या विटांचं काम हवंच. पण काळ्या जमिनीत पाया उथळ घातला तर स्लॅबचं घरही तडकतं, आणि तिथे दुरुस्ती गवंड्याच्या हातातली राहत नाही.

खरी हानी होते ती मधल्या वाटेनं. पाडायचं नाही, थांबायचंही नाही, म्हणून ओल्या मातीवर सिमेंटचा गिलावा चढवतात. आतली ओल कोंडते, ती वर चढते, लोणा लागतो, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट हातात येतात. मातीच्या भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा, कारण तो ओल बाहेर जाऊ देतो. भिजलेला जुना गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवायची, दारं-खिडक्या मोकळ्या ठेवायच्या, जाड भिंतीला महिने द्यायचे. पंचनामाही दोनदा व्हावा: पहिला पाणी ओसरताच, तातडीच्या मदतीपुरता, दुसरा संक्रांतीनंतर, ओळंबा लावून, आणि घराचा वर्ग त्यावरच ठरावा.

तोवर गवंड्याला बोलावण्याआधी एवढं करा: हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून थेंब धरले, तर गिलाव्याचं सामान आणू नका.