लिनक्स फुकटचे की विकतचे?

काट्याची वजने आणि ऊसबिले सांभाळणारा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, मोफत लिनक्सवर चालतो. मग दरसाल वर्गणी कशाला, असे सभासद विचारतात. रास्त आहे. पैसा उसाचाच आहे.

अंधेरी-मुलुंडकडचे पुरवठादार विकतचेच आधी दाखवणार, तो त्यांचा धंदा. पण फुकटच्याचीही कहाणी ऐका. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने निर्णय फिरवला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला कारभार आटोपला. ऐन गळितात! पुढे आल्मालिनक्स, रॉकी लिनक्स निघाले, तेही मोफत. मात्र रात्री दोनला सर्व्हर बसला तर फोन कुणाला लावायचा? वर्गणी भरायची ती यासाठी.

आमचे मत : काटा व ऊसबिलाचा सर्व्हर विकतच्यावरच ठेवावा. गाड्या खोळंबल्या की ऊस वाळतो, वजन घटते, ते कोण भरून देणार? गट कार्यालये, दप्तर, चाचणीचे संगणक खुशाल मोफतवर चालवा.

आणि आपली पोरे तयार करा. पवईच्या आयआयटीचे लिनक्सवरचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही आहे, तेही फुकट. वर्गणी भरली तरी मुंबईचा माणूस येईस्तोवर काटा त्यांनीच सांभाळायचा आहे.