बिडाचा तवा आणि युद्धाची बातमी

८ मे २०२५ची रात्र मी गेवराई तालुक्यातील उमापूर येथे मावशीच्या घरी काढली. मावशीचा नातू सैन्यात असून त्या दिवसांत तो जम्मू भागात तैनात होता. जेवणाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. एका वाहिनीवर आपल्या नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केले होते, दुसरीवर आपले सैन्य इस्लामाबादेत शिरले होते आणि पार्श्वभूमीला हवाई हल्ल्याचा भोंगा अखंड वाजत होता. प्रत्येक भोंग्यासरशी त्या जवानाची आई दचकत होती. मावशीने मला विचारले, "तू वर्तमानपत्रातला माणूस. हे खरं आहे का रे?" तीस वर्षे पत्रकारितेत काढूनही मला उत्तर देता आले नाही.

उत्तर लवकरच मिळाले. इस्लामाबाद होते तेथेच होते. ११ मे रोजी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी कराचीसह ठरलेल्या लक्ष्यांवर मारा करण्याची पूर्ण सज्जता होती, असे सांगितले. सज्जता होती, मारा झालेला नव्हता! दुरून डोंगर साजरे दिसतात. ज्याचा मुलगा त्या डोंगरावर उभा असतो, त्याला मात्र खरी वाट ठाऊक असावी लागते.

परकीय माध्यमांच्या पक्षपाताविषयी आपण बोलतो, आणि ते योग्यच आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. न्यूयॉर्क टाइम्सने मथळ्यात मारेकऱ्यांना दहशतवादी म्हणण्याचे टाळले, तेव्हा अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीतील बहुमताच्या सदस्यांनीच त्याबद्दल त्या पत्राला फटकारले. बीबीसीच्या अशाच शब्दयोजनेविषयी भारत सरकारने पत्र लिहून नापसंती कळविली. एक शब्द बदलला की अपराध्याचे रूप बदलते. 'ध'चा 'मा' केल्याने काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको.

परंतु जो मापदंड लंडन-न्यूयॉर्कला, तोच घरच्यांनाही हवा. ७ मे रोजी पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात पूंछ येथे एका मदरशातील शिक्षकाचा बळी गेला. तो या देशाचा नागरिक होता आणि शत्रूच्या तोफगोळ्याने मेला होता. आपल्याच काही वाहिन्यांनी त्याला दहशतवादी ठरविले. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. शत्रूने मारलेल्या स्वकीयाला आपणच शत्रू म्हणावे, यात कोणते राष्ट्रहित साधले?

हा दोष नवा नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट प्रक्षेपित झाल्या आणि सीमेपलीकडील सूत्रधार त्या पाहून सूचना देत राहिले. २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने त्या वर्तनाचे समर्थन होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. पुढे दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमानेच बंधन आले. तरीही मे २०२५ मध्ये सरकारला ते पुन्हा बजावावे लागले, आणि नागरी संरक्षण विभागाला 'कार्यक्रमांत भोंगे वाजवू नका' असे सांगावे लागले. खोटा भोंगा रोज ऐकणारा समाज खऱ्या भोंग्याला जागचा हलत नाही.

त्या रात्रीच्या गोंधळात मावशीचा बिडाचा तवा मोरीत पाण्यातच राहिला. सकाळी त्यावर तांबूस गंज चढला होता. सून म्हणाली, "साबणाने घासू नका म्हणतात ना?" मावशी म्हणाली, "साबणाने बीड मरत नाही गं, ओलं ठेवल्यानं मरतं." तिने गंज घासून काढला, तवा चुलीवर कोरडा केला, अर्ध्या कांद्याने तेलाचे बोट फिरवून धूर निघेपर्यंत तापविला, निववला, पुन्हा तेच केले. मी तेल जास्त ओतू लागलो, तेव्हा तिने हात धरला. जाड थर चिकट होतो आणि धिरडे धरून ठेवतो. पातळ थरच तापून बिडावर पक्का बसतो.

वृत्तपत्राची विश्वासार्हता अशीच वर्षानुवर्षे पातळ थरांनी बसते आणि एका बेपर्वा रात्रीत गंजते. देशप्रेमाचा जाड लेप तिला वाचवू शकत नाही. तो केवळ चिकटतो. उद्या आपली माध्यमे सत्य सांगतील तेव्हाही जग त्यावर विश्वास ठेवणार नाही, ही खरी हानी आहे, आणि तिचा लाभ शत्रूलाच होतो.

यात आपलाही वाटा आहे. सेनादलांच्या निवेदनाची वाट न पाहता बातमी पुढे ढकलणारे हात आपल्याच घरातील असतात. कार्यकर्त्याने एवढे व्रत घ्यावे: दुजोरा नाही तोवर बातमी पुढे नाही, आणि चूक कळताच ती त्याच मंडळींत कबूल करावयाची.

शस्त्रसंधी १० मे रोजी झाली. त्यानंतर नातवाचा दूरध्वनी आला: "मी ठीक आहे." त्या संपूर्ण आठवड्यात त्या घरात पोहोचलेली ती पहिली विश्वसनीय बातमी होती.