कर घेता, मग वृक्ष कोण राखणार?

मालमत्ता कराचे देयक घरी आले की आपण शेवटची रक्कम पाहतो, कपाळाला आठ्या घालतो आणि भरून मोकळे होतो. पुढच्या वेळी ते वरपासून वाचावे. राज्यातील अनेक शहरांच्या देयकांत ‘वृक्ष उपकर’ अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ, पण तिच्यामागचा प्रश्न मोठा आहे. या पैशाच्या बदल्यात पालिका आपल्या दारापुढच्या झाडासाठी वर्षभर करते तरी काय?

उत्तर रस्त्यावरच दिसते. मे महिन्यात एक ट्रक येतो, दोन माणसे झाडावर चढतात आणि वीजतारांच्या बाजूच्या फांद्या सपासप उतरवून निघून जातात. एका अंगाने बोडके झालेले झाड दुसऱ्या अंगाला कलते. त्याच्या बुंध्याभोवती काँक्रीटचा फास आधीच आवळलेला असतो. गटारासाठी आणि केबलसाठी खणताना मुळे तुटलेली असतात. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात ते कोसळते, खाली कुणीतरी सापडतो आणि ‘नैसर्गिक आपत्ती’ या दोन शब्दांत प्रकरण मिटते. ज्याची मुळे माणसाने तोडली, ज्याचा तोल माणसाने बिघडवला, त्याचे पडणे नैसर्गिक कसे?

कायदा नाही म्हणावे, तर तीही सोय नाही. महाराष्ट्राने नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा 1975 सालीच केला. वृक्ष प्राधिकरण नेमणे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे, रोपवाटिका सांभाळणे, रस्तारुंदीत येणाऱ्या झाडांचे पुनर्रोपण करणे ही कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. इतकेच नव्हे, तर झाड ‘तोडणे’ या शब्दात ते जाळणे, कापणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे या सर्वांचा समावेश केला आहे. म्हणजे बुंध्यात ठोकलेला खिळासुद्धा या कायद्याच्या नजरेतून सुटत नाही! पुढे 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी वनीकरण व पर्यावरणाचे रक्षण हे विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत, बाराव्या अनुसूचीत घातले. मात्र व्यवहारात प्राधिकरण म्हणजे तोडीच्या अर्जांवर शिक्का मारणारे कार्यालय, असेच चित्र उरले आहे. कुऱ्हाडीच्या दिवशीच ज्याची आठवण होते, त्या वृक्षाचे संरक्षण झाले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

येथे एका खटल्याचे स्मरण करून देणे आवश्यक वाटते. मार्च 1975 मध्ये राजकोट येथे कार्यालयाकडे चाललेल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या अंगावर रस्त्याकडेचे झाड कोसळले आणि त्याचा मृत्यू झाला. कनिष्ठ न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला 45,000 रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला दायित्वातून मुक्त केले. रस्त्यावरील प्रत्येक झाडाची प्रकृती सतत तपासत राहावी, इतकी आपल्याकडील परिस्थिती विकसित झालेली नाही, असा त्यामागील एक विचार होता. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून विचारावेसे वाटते की, ती सबब आज उरली आहे काय? आज झाडाचे स्थान उपग्रहाच्या साह्याने नोंदवता येते, खोड आतून पोकळ आहे का हे उपकरणाने पाहता येते. पाच वर्षांनी करावयाची गणना झाडांच्या निव्वळ मोजणीवर का थांबावी? तिच्यात प्रत्येक झाडाची प्रकृती का नोंदली जाऊ नये?

विकास नको, असे कुणीच म्हणत नाही. धोकादायक झाड उतरवलेच पाहिजे. रस्ताही कधी रुंद करावा लागतो. पण झाड धोकादायक ठरवणारा वृक्षांचा जाणकार असावा, ठेकेदार नव्हे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हटले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे तत्त्व आणले. तत्त्व उत्तम. पण साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात गावाबाहेरच्या माळावर लावलेली साठ रोपे या रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला सावली कधी देणार? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढी माती आपल्या गावातील झाडांना द्यायला कोणत्या आदेशाची वाट पाहायची?

आणि दोष केवळ पालिकेचा आहे काय? आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपलेली असतात, असे ‘आज्ञापत्र’ बजावते. त्या परंपरेचा अभिमान सांगणारे आपण वटपौर्णिमेला वडाची तोडलेली फांदी बाजारातून विकत आणून घरात पूजतो! वडाला नमस्कार आणि वडावरच कुऱ्हाड, हे कोणते व्रत? उत्सवाचे फलक झाडांवर ठोकणारे, त्यांच्या खोडांना दिव्यांच्या माळा आवळणारे हातही आपल्यातलेच असतात. आधी ते खिळे आपण उपटावेत. मग पालिकेला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार आपोआप येईल.

तो जाब विचारायचा मार्ग खुला आहे. आपल्या गावाची शेवटची वृक्षगणना केव्हा झाली? प्राधिकरणाच्या बैठका किती झाल्या? उपकराचा पैसा कशावर खर्च झाला? माहिती अधिकाराच्या एका अर्जात हे तीनही प्रश्न मावतात. प्रत्येक वस्तीतील चार कुटुंबांनी आपल्या गल्लीतील झाडांची यादी करावी, काँक्रीटने गळा आवळलेली झाडे नोंदवावीत आणि ती यादी घेऊन वृक्ष अधिकाऱ्यापुढे उभे राहावे. मत मागायला येणाऱ्या नगरसेवकापुढेही तीच यादी ठेवावी. झाडाला मत नसते. म्हणूनच त्याच्या वतीने आपण बोलायचे असते.