घोड्याची मान कोणी वाकवावी?

घोड्याच्या मानेचा डौलदार बाक सर्वांनाच मोहवितो. तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा असो वा खंडोबाच्या माळेगावची, गिऱ्हाईक प्रथम मान पाहते आणि विकणाराही तीच दाखवितो. लगाम आवळून हनुवटी छातीला भिडविली, तोंडाला फेस आला आणि ढोलावर पावले पडू लागली, की घोडा ‘तयार’ आहे असा निर्वाळा मिळतो व किंमत चढते. हा समज चुकीचा असून तो जनावराला जाचक आणि घेणाऱ्याला नुकसानीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नावर सर्वाधिक खल झाला तो युरोपात, ‘ड्रेसाज’ नावाच्या अश्वविद्येत. स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर घोड्याने संथ, तालबद्ध व मोकळ्या चालीने चालावे, हे तिचे ध्येय होय. ही विद्या आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाही. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा हेही होते. १९२१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाचा नियम असा आहे की, दोन कानांमधील माथा हा मानेचा सर्वांत उंच भाग असावा आणि कपाळापासून नाकापर्यंतची रेषा ओळंब्याच्या किंचित पुढे असावी. गवंड्याचा ओळंबा घोड्याच्या कपाळाशी धरल्याची कल्पना करावी. नाक त्या दोरीच्या पुढे असेल तर ठीक. दोरीच्या मागे, छातीकडे गेले असेल तर मान घोड्याने वाकविलेली नाही, ती स्वाराच्या हाताने वाकविली आहे, असे बहुधा समजावे.

नियम असा स्वच्छ असूनही खुद्द युरोपातील नामांकित स्वारांनी तो मोडला. नाक छातीला लावून घोडा दीर्घकाळ फिरविण्याच्या पद्धतीला तिकडे ‘रोलकूर’ म्हणतात. २००९ साली डेन्मार्कमधील एका स्पर्धेच्या सरावात अशा घोड्याची जीभ निळी पडून बाहेर लोंबत असल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि एकच गहजब उडाला. पुढील वर्षी महासंघाने बळजबरीने मान अशी दुमडणे अमान्य ठरविले. स्वित्झर्लंडने २०१४ पासून प्राणिसंरक्षणाच्या कायद्यानेच ते निषिद्ध केले. पदकाचा मोह तिकडे जे करवितो, तेच वरातीच्या सुपारीचा मोह इकडे करवितो; दोषी देश नव्हे, पाहणाऱ्याची नजर आहे.

मान दुमडल्याने होते काय, हे शरीररचनेवरून ध्यानात येईल. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, तो केवळ नाकानेच घेतो. हनुवटी आत ओढली की घशाजवळ श्वासमार्ग अरुंद होतो. म्हणजे ज्या घटकेला श्रम जास्त, त्याच घटकेला हवा कमी. जबड्याचे हाड व मानेचा पहिला मणका यांमध्ये लाळग्रंथी असते, ती दाबली जाते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे नाक छातीशी गेलेल्या घोड्याला समोरची वाट दिसत नाही, पायाखालची जमीन तेवढी दिसते. असा घोडा शांत आहे असे आपण म्हणतो! कडियाळे जिथे बसते तेथे जबड्याला दात नसतात, हाडाची धार असते आणि तिच्यावर पातळ कातडी. त्या धारेवर लोखंड सतत दाबले जात असता वेदना होत नसेल, असे मानणे कठीण आहे. या विषयावर आजवर झालेल्या अभ्यासांपैकी बहुसंख्य अभ्यासांचा निष्कर्ष ही स्थिती घोड्याला अहितकारक असल्याचाच आहे.

मग खरा बाक येतो कोठून? तो मागून येतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे तीनपंचमांश भाग पुढच्या पायांवर असतो. त्यावर स्वार बसला की गाडी धुरेला दाबती भरावी तसे होते. ड्रेसाजचे सारे शिक्षण हा तोल हळूहळू मागे नेण्याचे आहे. पुठ्ठे बळकट व्हावेत, मागचे पाय पोटाखाली यावेत, पाठ उचलली जावी आणि मग मान आपोआप उंचावून कमानदार व्हावी, असा तो क्रम आहे. मान हे त्या कामाचे फळ आहे. बुंध्याला पाणी न घालता फांदीला फळ बांधून बाग फळली म्हणणाऱ्या माळ्याला आपण हसू. पण घोड्याच्या बाबतीत तेच पैसे मोजून घेतो. या क्रमाला वर्षे लागतात. महासंघाच्या सर्वोच्च श्रेणीच्या स्पर्धेत घोडा निदान ८ वर्षांचा असावा लागतो. आपल्याकडे मात्र शिंगराकडून एका हंगामात तोच डौल मागितला जातो, आणि तो जेरबंदाने मिळविला जातो. जेरबंद म्हणजे तंगापासून पुढच्या पायांमधून वर नेलेला, डोके उचलू न देणारा पट्टा. कैद्यालाही आपण जेरबंद केले म्हणतो. शब्द तोच आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल की, उधळ्या जनावराला आवळले नाही तर तो आवरणार कसा? चाबुकस्वाराला काही वेळ लगाम घट्ट धरावा लागतो, हे मला मान्य आहे. परंतु क्षणभर आवरणे वेगळे आणि तासन्‌तास बांधून ठेवणे वेगळे. घोडा मागणी मान्य करताच हात सैल झाला पाहिजे, कारण त्या सैल होण्यातूनच तो शिकतो. जो हात कधीच सैल होत नाही, त्याच्यापासून घोडा एवढेच शिकतो की सुटका नाही. ग्रीक सेनानी झेनोफॉन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, त्यातही बळजबरीने करविलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, असाच त्याचा अभिप्राय आहे.

काटेरी कडियाळ्याबद्दल तर मतभेदाला जागाच नाही. ओढकामाच्या व भारवाहू जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी हाकण्यासाठी वा स्वारीसाठी काटे अथवा गाठी असलेले कडियाळे वापरण्यास मनाई केली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घोडी पाळणाऱ्यांच्या कानावर आवर्जून घालावी, आणि नाकपट्टा व नाकाचे हाड यांमध्ये दोन बोटे सहज जातील एवढी जागा असावी, हेही सांगावे. नाकपट्टा करकचून बांधला की घोड्याला तोंड उघडता येत नाही, आणि दुखणे पाहणाऱ्यापासून लपते.

घोडा घेणाऱ्याने एक परीक्षा अवश्य घ्यावी. नाच, रेवाल, जे काही दाखवायचे ते विकणाऱ्याला दाखवू द्यावे. नंतर त्याला लगाम हळूहळू सैल सोडावयास सांगावे. ज्याचे शिक्षण खरे आहे तो घोडा मान पुढे व खाली लांबवितो, फुरफुरतो आणि त्याच संथ चालीने चालत राहतो. ड्रेसाजच्या परीक्षांमध्येही मोकळ्या लगामावरील चालीला स्वतंत्र गुण असतात. ज्याला नुसते बांधले आहे तो डोके झटकतो, पावले घाईने टाकतो किंवा उधळतो. त्याची किंमत त्या मानाने धरावी. यात्रेतील अश्वस्पर्धांच्या परीक्षकांनीही प्रत्येक घोड्याची एक फेरी सैल लगामावर पाहावी आणि तिचे गुण बक्षिसात धरावेत. त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.