रीडिंग चुकलं की आपण?

परवा भाचीचा फोन आला. "मामा, तुझं बी.एस्सी.चं जर्नल आहे का रे अजून? माझी रीडिंग्ज जुळतच नाहीयेत." प्रयोग कुठला म्हणून विचारलं, तर फॉर्मिक ॲसिड आणि ब्रोमीन! हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. याच प्रयोगात मी बेमालूम लबाडी केली होती.

शास्त्र शाखेच्या वाटेला न गेलेल्या नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. फॉर्मिक ॲसिड म्हणजे लाल मुंग्यांच्या अंगात असतं ते. लॅटिनमध्ये मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. त्यात ब्रोमीनचं पाणी घातलं की ॲसिडचा कार्बन डायऑक्साइड होतो, ब्रोमीनचं ब्रोमाइड होतं आणि तांबूस-पिवळा रंग डोळ्यांदेखत उडत जातो. कलरीमीटर लावून दर ५० सेकंदांनी रंग मोजायचा. ॲसिड भरपूर घेतलेलं असतं, त्यामुळे वेग उरलेल्या ब्रोमीनवर ठरतो. रंगाच्या लॉगचा आलेख काढला की सरळ रेघ येते आणि तिच्या उतारावरून स्थिरांक मिळतो.

पाठ्यपुस्तकातला आकडा आहे ०.००३५ प्रति सेकंद. म्हणजे दर १९८ सेकंदांनी ब्रोमीन निम्मं. भाचीचं १०५ सेकंदांतच निम्मं होत होतं. "सगळ्यांनी पुस्तकावरून उलटी रीडिंग्ज काढलीत, मी पण काढू का?"

आम्हीही तेच केलं होतं. आधी उत्तर, मग रीडिंग. खरं वाटावं म्हणून एक-दोन बिंदू रेघेच्या जरा बाजूला! जर्नलवर सही झाली, विषय संपला.

तिला म्हटलं, थांब. ब्रोमीन उडून जातं, तेव्हा ॲसिड न घालता नुसतं ब्रोमीनचं पाणी तेवढाच वेळ ठेवून बघ. तिने बघितलं, रंग फारसा उतरला नाही. मग विचारलं, लॅबमध्ये तापमान किती होतं? "३३." आणि पुस्तकातलं? २५! तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे पोरीचं रीडिंग चुकलेलं नसावं. आता ती बर्फ घालून २५ अंशांवर तोच प्रयोग पुन्हा करणार आहे. काय येईल ते येईल.

आमच्याही लॅबमध्ये पंख्याखाली घाम गळत होता, आणि अख्ख्या बॅचचं उत्तर मात्र २५ अंशांचं. कुणालाच शंका आली नाही. रबराने मी जे खोडलं, ते कदाचित त्या वर्षातलं माझं एकमेव खरं निरीक्षण असेल.

माझं स्पष्ट मत आहे की प्रॅक्टिकलचे मार्क उत्तराला देऊच नयेत. उत्तर का जुळलं नाही हे जो सांगेल, त्याला द्यावेत. पुस्तकाशी जुळवून घ्यायची सवय जर्नलपुरती राहत नाही हो. पुढे ऑफिसातले रिपोर्ट आणि घरातले हिशेबही आपण तसेच 'बसवायला' लागतो.

असो. जुनं जर्नल माळ्यावर आहे. भाचीला देणार नाहीये.