वास दडपू नका, माग काढा

घरात गॅसचा वास आला तर तुम्ही काय करता? शेगडी आणि रेग्युलेटर बंद करता, दारेखिडक्या सताड उघडता, विजेच्या बटणाला हात लावीत नाही. वास लपविण्यासाठी अत्तर शिंपडावे असे कोणाच्या मनातही येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे तो वास ही धोक्याची घंटाच होय. मग मोटारीत पेट्रोलचा वास आला, की आपण आरशाला सुगंधी डबी का टांगतो?

हा प्रश्न मला आमच्याच घरात पडला. आमची सात आसनांची एसयूव्ही दहा वर्षांची जुनी. गेल्या हिवाळ्यात पुण्याला टाकी काठोकाठ भरून आम्ही महाबळेश्वरला निघालो. आई वाईला मावशीकडे होती, ती तिथे गाडीत बसली आणि लगेच म्हणाली, "अरे, पेट्रोलचा केवढा वास येतोय!" दादा म्हणाला, "आई, तुला भास होतोय." आम्हा कोणालाच वास जाणवत नव्हता. पुढे पसरणीच्या घाटात मात्र तो सगळ्यांनाच आला. काचा उघडून आम्ही तसेच पुढे गेलो, ही आमची चूकच झाली.

आईचा तो भास नव्हता. एकच वास सतत येत राहिला तर थोड्याच वेळात नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. आम्ही पुण्यापासून त्या हवेत बसलो होतो, आई बाहेरच्या ताज्या हवेतून आली होती. म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की वासाच्या बाबतीत नव्याने आलेल्या माणसाचे आधी खरे मानावे, मग ती आजी असो की शेजारचे लहान मूल.

आता धोका किती, ते पाहू. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले, की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. सुमारे १०० मिलिलिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती साधारण २० लिटर भरते. २० लिटर वाफ १.४ टक्के व्हायला हवा किती लागेल, हे गणित तुम्हीच करा. उत्तर १४०० लिटरच्या आसपास येईल. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड असल्याने खाली, पायांपाशी साचते. थंडीचाही आधार नाही, कारण शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ देते. त्यात पेट्रोलमध्ये थोडे बेंझीन असते आणि ते कर्करोगकारक आहे. तेव्हा वास आवडतो म्हणून तो हुंगत बसणे हाही शहाणपणा नव्हे.

घरी परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी टाकीचे झाकण बदलले. वास पुन्हा आला. मग इंजिनावरच्या इंजेक्टरची रबरी कडी बदलली, तरी वास पुन्हा आला. दोनदा पैसे गेले. शेवटी गाडी उघड्या जागेत उभी करून ठेवली आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने वही उघडली. तिने पेट्रोलपंपाच्या साऱ्या पावत्या गोळा केल्या, प्रत्येकाला "वास कधी आला? कुठे बसला होतात? रस्ता कसा होता?" असे विचारले आणि तक्ता आखला.

सहा वेळा वास आला होता. सहाही वेळा टाकी आदल्या दिवसात पूर्ण भरलेली होती. तो सर्वांत उग्र होता चढावर, आणि तोही मागच्या आसनावर. टाकी अर्धी असताना एकदाही वास आला नव्हता. आता विचार करा. इंजिनाकडे जाणारी नळी गळत असती, तर टाकी अर्धी असतानाही वास आला असता, कारण पंप त्या नळीत दाब कायमच ठेवतो. झाकण तर नवेच होते. उरल्या दोन शक्यता. एक, टाकीच्या माथ्यावरचा जोड. दुसरी, कोळशाचा डबा.

हा डबा काय असतो? टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती सक्रिय कोळशात शोषून ठेवतात आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून जाळते. अमेरिकेत १९७१ सालच्या गाड्यांपासून वाफ रोखणारी अशी व्यवस्था देशभर सक्तीची झाली. पंपाची नळी आपोआप थांबल्यावरही "अजून थोडे भरा" म्हटले, तर द्रवरूप पेट्रोल या डब्यात शिरून कोळसा निकामी होऊ शकतो.

तक्ता पाहून मिस्त्रींनी मागचे आसन उचलले. टाकीत बसविलेल्या पंपाच्या कडेची धूळ ओली होती! तिथली रबरी कडी तडकलेली निघाली. टाकी भरली आणि गाडी चढाला लागली, की पेट्रोल मागे सरकून तिथून पाझरत होते. कोळशाचा डबा कोरडा होता. कडी बदलली आणि वास गेला तो गेलाच.

कोणी म्हणेल, एकेक भाग बदलत गेलो असतो तरी कधीतरी वास गेलाच असता. खरे आहे. मिस्त्रींचा पहिला अंदाजही वेडगळ नव्हता, झाकण हे सर्वांत स्वस्त आणि सोपे कारण. पण दोनदा अंदाज चुकल्यावर तिसरा अंदाज करायचा नसतो, निरीक्षण करायचे असते. दरम्यान धोका गाडीत बसूनच असतो.

एक ताकीद मात्र देतो. टाकी, नळ्या वा जोड स्वतः उघडू नका. गळती शोधायला काडी ओढू नका. वास आला तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा आणि जाणत्या मिस्त्रींना बोलवा. तुमचे काम पाहण्याचे, विचारण्याचे आणि लिहून ठेवण्याचे.

शिक्षकांनाही एक विनंती. गळका नळ, वारंवार उडणारा फ्यूज, करकरणारी सायकल, असे घरचे एकेक दुखणे वर्गाला द्या आणि दुरुस्तीआधी तक्ता मागा. प्रयोगवहीतील "निरीक्षण" आणि "अनुमान" हे रकाने मुले केवळ गुणांसाठी भरतात, असे आपण म्हणतो. आमच्या पुतणीने ते घरच्यांच्या जिवासाठी भरले. आणि तिच्या तक्त्यातली पहिली नोंद होती, "आजीला वास आला."